गाडीमावशी आणि मागच्या सीटवरचा नवरा

गाडीमावशीला खऱ्या नावानं हाक मारणारं आता एकच माणूस उरलंय, तिची थोरली बहीण. बाकी सगळ्यांची ती गाडीमावशी. ठेंगणा बांधा, जाड भिंगांचा चष्मा, पायात बारा महिने सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट, आणि आवाज असा की काचा बंद असल्या तरी पलीकडच्या ट्रकवाल्यानं मान वळवून बघावं.

तिच्या नवऱ्याची गाडी शिकवायची शाळा होती. मावशी तिथे नुसती फोन घ्यायची. पुढे त्याचं एक अंग लुळं पडलं आणि शाळेला टाळं लागायची वेळ आली, तेव्हा त्यानं अंथरुणात पडल्या पडल्या तिला गाडी शिकवली. जेवणाचं ताट तिच्या हातात द्यायचा, हे स्टिअरिंग समज म्हणायचा, आणि उशीला टेकून सूचना करायचा. नंतर ती रस्त्यावर शिकली, शिकवायचा परवानाही काढला. तो गेल्यावर मात्र पुरुष शिकाऊ एकेक करून गळाले. बाईकडून गाडी शिकलो हे कुठल्या तोंडानं सांगायचं, असं त्यांना झालं असणार. त्यांच्या जागी बायका आल्या आणि येतच राहिल्या.

शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो आणि त्याच्यासाठी वेगळा आरसा असतो. मावशीची गाडी अशीच. त्या गाडीत बायका बोलायला लागल्या. मावशी म्हणते त्यात नवल काही नाही. गाडी चालवताना समोर बघावं लागतं, कुणाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, हात कामात असतात. अशा वेळी माणसाच्या तोंडून जे निघायचं ते निघतंच. कुणी सासूबद्दल बोलायची, कुणी साहेबाबद्दल, कुणी कोपरावरच्या डागाबद्दल. ऐकून ऐकून मावशीची झोप उडाली, आणि एका रविवारी तिनं शाळेच्या मागच्या खोलीत सात-आठ जणींना बसवलं. आमचा गट सुरू झाला तो असा. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात एक डुगडुगतं कपाट. पोलीस चौकीत जायचं असेल तर सोबत जायचं, कोर्टाच्या तारखेला शेजारी बसायचं, गिरणीमागच्या अंधाऱ्या रस्त्यावर दिवे येईपर्यंत कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या. पगार कुणालाच नव्हता. मी तेव्हा गटाचा फोन सांभाळायचे.

गटाच्या म्होरक्या दोघी. एक मावशी, दुसरी सिस्टर. सिस्टर म्हणजे सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स. उंच, सडपातळ, बोलणं मोजून मापून. मावशी उकळत्या पाण्यासारखी, तर सिस्टर फ्रीजमधल्या बाटलीसारखी. दोघींची रोज जुंपायची, आणि एकीला ताप आला की दुसरी डबा घेऊन हजर.

त्यांच्या भांडणामागे एक जुनी गोष्ट होती. एका बाईला मावशीनं तिच्या घरातून सामानासकट गाडीत घालून आणलं होतं. बाई रडत होती, हो-नाही करत होती, पण मावशीला तिचे सुजलेले डोळे बघवेनात. "चल, उठ," म्हणून तिनं तिला जवळजवळ उचललंच. थोड्याच दिवसांत ती बाई घरी परतली आणि चारचौघांत म्हणाली, मला या बायकांनी फितवलं. तिच्या नवऱ्यानं गल्लोगल्ली आमच्या नावानं शिमगा केला. तीन-चार जणींच्या घरच्यांनी त्यांचं गटात येणं बंद केलं. तेव्हापासून सिस्टरनं एक नियम घातला होता: तिच्या तोंडून निघाल्याशिवाय आपण पाऊल उचलायचं नाही, आणि निघाल्यावरही एकदा पुन्हा विचारायचं. मावशीनं तो मान्य केला, पण औषधाचा घोट घ्यावा तसा.

अशात पोहणारी आली.

लग्नाआधी ती नगरपालिकेच्या तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची, म्हणून आमच्यात तिला पोहणारी म्हणायचे. तिशीच्या आतली, रुंद खांद्यांची, पण खांदे आत ओढून बसायची. तिला शाळेत तिचा नवराच घेऊन आला. त्याचं फरशांचं मोठं दुकान होतं. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा, बोलणं अगदी लोण्यासारखं. आईला आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करायला इस्पितळात न्यावं लागतं, मला दुकान सोडून जमत नाही, हिला गाडी आली म्हणजे मी सुटलो, असं तो म्हणाला. पहिल्याच दिवशी तो मागे चढून बसला.

मावशी म्हणाली, "तुम्ही कशाला तासभर खोळंबता? दुकानात जा की."

"मला आवडतं बघायला," तो म्हणाला. "आणि ही जरा विसराळू आहे हं मावशी. हिला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते."

"गाडी शिकताना सगळ्यांनाच सांगावी लागते."

तो हसला. पण उतरला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही.

मावशीला तिच्या आरशात तो दिसायचा. पोहणारी हॉर्नला दचकायची नाही, अंगावर येणाऱ्या बसला दचकायची नाही. तो दोन सीटांच्या मधून पुढे वाकला की मात्र श्वास धरायची. पाण्याखाली जाणारं माणूस धरतं तसा. तो मागे टेकेपर्यंत सोडायची नाही. मावशीनं हे सिस्टरला सांगितलं. सिस्टर म्हणाली, "लक्ष ठेव. बोलू नकोस."

"ती बोलणार कशी? तो गोचिडासारखा चिकटलेला असतो."

"तरीही बोलू नकोस."

एक दिवस गाडी फरशांच्या दुकानापुढून चालली होती. दारात टेम्पोतून खोकी उतरवत होते आणि एक खोकं खाली पडून फुटलं होतं. त्यानं गाडी थांबवायला लावली. उतरताना हात पुढे घालून त्यानं गाडीची किल्ली काढून घेतली.

"साहेब, किल्ली कशाला?" मावशीनं विचारलं.

"सवय हो," तो हसत म्हणाला आणि कामगारांकडे गेला.

 पोहणारी समोरच्या काचेतून बघत होती. ओठ फारसे न हलवता ती बोलायला लागली.

"मावशी, तुमच्या मागच्या खोलीत बायका जमतात ना?"

"जमतात."

"मुलीला बरोबर घेऊन आलं तर चालतं?"

"चालतं."

"माझे ओळखपत्राचे कागद यांच्या कपाटात असतात. फोन त्यांच्याकडेच असतो." ती जरा थांबली. "मला मारतात ते मी कदाचित आणखी काही वर्षं सोसलं असतं. पण आता त्यांची चाहूल लागली की मुलगी टेबलाखाली जाऊन बसते. चार वर्षांची आहे. तिला कुणी शिकवलं नाही हे. मला तिला घेऊन बाहेर पडायचंय. कोर्टात बायकांसाठी एक ऑफिस आहे म्हणतात, तिथे जाता येईल?"

दुकानाच्या दारात तो कामगाराच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी समजावत होता. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, केवढा मायाळू मालक. मावशीच्या जिभेवर 'आत्ताच चल' आलं होतं. ती म्हणाली, "मी विचारते आणि सांगते." तेवढ्यात तो किल्ली फिरवत परत आला.

त्या संध्याकाळी मागच्या खोलीत आम्ही तिघी बसलो. गटाला फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी सरळ वाट सांगितली. कोर्टाच्या आवारात बायकांसाठी मदतकक्ष आहे, कामाच्या वेळेत उघडा असतो. ती स्वतः मुलीला घेऊन तिथपर्यंत पोचली आणि तिनं जबाब दिला की मग संरक्षणाचा हुकूम मागता येईल, राहायची सोय तेच करतील. पण पोचायला तिची तीच हवी.

मावशीनं बेत मांडला. गाडीची परीक्षा ज्या मैदानावर होते तिथे घरच्यांना आत सोडत नाहीत. मैदानाला दोन फाटकं. नवरा पुढच्या फाटकावर थांबेल. परीक्षा झाली की मागच्या फाटकानं बाहेर, तिथून बालवाडी, मुलीला घ्यायचं आणि थेट कोर्ट. शिवाय परीक्षेला मूळ कागद लागतात, तेव्हा नवरा स्वतःच्या हातानं ते कपाटातून काढून देईल.

सिस्टरच्या कपाळावर आठी आली. "हे पळवून नेल्यासारखं दिसतं."

"मग वाजत गाजत न्यायचं का?"

"तू एकदा वाजत गाजतच नेलं होतंस."

मावशीचा चेहरा उतरला. मीही खाली बघायला लागले. सिस्टरलाही लागलं असावं, कारण तिनं मावशीचा पेला पाण्यानं भरून पुढे सरकवला. मग म्हणाली, "बालवाडीपाशी मी थांबते. पण आधी तिला पुन्हा एकदा विचार. ढकलू नकोस. नको म्हणाली तर नको."

"तो मागे बसलेला असताना विचारू कशी?"

"ते तुझं तू बघ. शिकवणारी तू आहेस."

मावशीनं ते त्याच्या देखतच विचारलं. पुढच्या तासाला गाडी चालू असताना मोठ्यानं म्हणाली, "हे बघ, परीक्षेला मूळ कागद लागतात. साहेब, तेवढे काढून ठेवा. मैदानात घरचं कुणी येत नाही. परीक्षा झाली की गाडी मागच्या फाटकानं बाहेर काढायची. तिथून पुढचा रस्ता मी सांगेन. कळलं?"

"कळलं," पोहणारी म्हणाली.

"मनाची तयारी नसेल तर परीक्षा पुढे ढकलता येते. पुष्कळजणी ढकलतात. मी काही म्हणणार नाही. तुझ्यावर आहे."

आरशात तो मोबाइल बघत होता.

"नको ढकलायला," ती म्हणाली. "माझी तयारी आहे."

"अरे वा," तो मागून म्हणाला. "आमच्या बाईसाहेबांना कंठ फुटला."

परीक्षेच्या दिवशी मावशी त्यांच्या घरापुढे गाडी घेऊन गेली. त्याच्या कडेवर मुलगी होती.

"आज बालवाडीला दांडी," तो म्हणाला. "आईची परीक्षा बघू दे की तिला."

त्याला काही कळलं होतं की सहज सुचलं होतं, हे आम्हाला अजूनही माहीत नाही. पोहणारीच्या तोंडावरची रेघही हलली नाही. ती चाकापाशी बसली. मावशीनं मागे मुलीला पट्टा बांधला, आणि लहान मूल गाडीत असलं की ती नेहमी करते तसं मागच्या दोन्ही दारांचं आतून न उघडणारं कुलूप लावलं. वर्षानुवर्षांची सवय. त्या वेळी तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे तिनं नंतर शपथेवर सांगितलं.

मैदानावर तो मुलीचा हात धरून पुढच्या फाटकाबाहेर थांबला. आत परीक्षकानं तिला चढावर गाडी थांबवायला लावली, उलटी आठात फिरवायला लावली. तिनं सगळं बिनचूक केलं. पास म्हणून कागद हातात आला. परीक्षक उतरला, मावशी तिच्या शेजारी बसली. समोर मागचं फाटक सताड उघडं होतं.

"पोरगी त्याच्याकडे आहे," मावशी म्हणाली. "काय करायचं ते तू सांग."

तिनं त्या फाटकाकडे बराच वेळ पाहिलं. "पुढच्या फाटकानं जाऊ," ती म्हणाली.

मावशीला वाटलं, संपलं. तिनं मला फोनवर दोनच शब्द लिहून पाठवले: आज नाही. मी सिस्टरला कळवलं. सिस्टर म्हणाली, आलेच आहे तर थांबते थोडी. आणि त्या बालवाडीच्या रस्त्यावर, बाकाच्या कडेला बसून राहिली.

परतीच्या वाटेवर तो फार खुशीत होता. "झालं एकदाचं. मावशी, तुम्ही कमाल केलीत. आता काय, क्लास संपले. उद्यापासून ही आमची गाडी चालवेल. तुमचा त्रास वाचला." मावशी हूं हूं करत होती. उद्यापासून ही बाई त्या घराच्या भिंतीआड जाणार, तिच्याशी बोलायला आरसासुद्धा राहणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

मोठा चौक आला. घरी जायला डावीकडे वळायचं. मावशीनं सवयीनं वळायच्या दिव्याकडे पाहिलं. पोहणारीनं तो लावला नव्हता. गाडी सरळ गेली.

"अगं, वळायचं होतं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. गाडी सरळच.

त्या रस्त्याच्या टोकाला कोर्ट होतं. मावशीचा पाय ब्रेकवर गेला. ती सांगते, त्या क्षणी तिला आधीची ती बाई आठवली, सामानासकट उचलून आणलेली. आणि तिला दिसलं की या वेळी तिनं कुणालाही उचललेलं नाही. चाक दुसऱ्याच्या हातात होतं. पण ब्रेक तर तिच्या पायाखाली होता. मागे चार वर्षांची पोर होती, संतापणारा माणूस होता. चुकलं तर चौघांचा जीव. तिनं पाय ब्रेकवरच ठेवला, आणि दाबला नाही.

तो पुढे वाकला. आवाज अजून मऊच होता. "कुठे निघालीस तू?"

पोहणारीनं श्वास धरला. गाडी किंचित डगमगली. तेव्हा मावशी तिच्या शिकवायच्या आवाजात म्हणाली, "साहेब, मागे टेकून बसा. गाडी चालू असताना पुढे वाकायचं नाही. मला ब्रेक मारावा लागला तर पोरीला लागेल."

तो टेकला. मुलीनं विचारलं, "आई, आपण कुठे चाललो?"

"एका ऑफिसात चाललोय राणी. तिथे आई बोलणार आहे."

"कुणाशी?"

"तिथल्या बाईंशी."

आता त्याला उमगलं. तो ओरडला नाही. हलक्या आवाजात बोलत राहिला, आणि तेच जास्त भयंकर होतं असं मावशी म्हणते. घरी चल, बसून बोलू. तुला बरं नाहीये. आईला इस्पितळात कोण नेणार, ती मेली तर तुझ्यामुळे मरेल. मुलगी तुला देतो असं वाटलं का तुला. मधेच त्यानं भावाला फोन लावला आणि कोर्टाचं नाव सांगितलं. पोहणारी समोर बघून गाडी चालवत राहिली. तिच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येत होता आणि पुसायला ती हात काढत नव्हती.

पुढे सिग्नल लाल झाला. थांबावं लागणार होतं. गाडी उभी राहताच त्यानं मुलीचा पट्टा सोडवला, तिचं मनगट धरलं आणि दाराचा खटका ओढला. दार उघडलं नाही. पुन्हा ओढला.

"दार उघडा," तो म्हणाला. पहिल्यांदाच आवाज चढला होता. "मला कोंडलंय तुम्ही."

मावशीच्या डोळ्यांपुढे सिस्टर उभी राहिली. कोंडून नेलं, असंच उद्या सगळीकडे होणार. ती वळली आणि म्हणाली, "पोर असलं की कुलूप लावते मी. तुम्हाला उतरायचं असेल तर बाहेरून येऊन उघडते, आत्ता. तुम्ही उतरा. मुलगी आईबरोबर राहील."

"मुलीला सोडून मी उतरणार नाही."

"मग बसा. कुणी कोंडलेलं नाही तुम्हाला. ठरवा."

शेजारच्या गाडीतला माणूस बघायला लागला होता. लोक बघतायत म्हटल्यावर तो सावरला. त्यानं खटक्यावरचा हात काढला, मुलीचं मनगट नाही. मावशीनं मागे हात घालून मुलीचा पट्टा पुन्हा लावला. दिवा हिरवा झाला. पोहणारीनं गाडी अलगद पुढे घेतली, पहिला गिअर, दुसरा, तिसरा.

कोर्टाच्या फाटकातून आत आल्यावर तिला गाडी नीट लावता आली नाही. अर्धी आवारातल्या रस्त्यावर, अर्धी फुटपाथवर अशी तिरकी उभी राहिली. तिनं किल्ली काढली आणि मुठीत धरली. मग मागे वळली. मावशीनं तिला त्याच्याकडे सरळ बघताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"मी आत जाऊन सांगणार आहे," ती म्हणाली. "तुम्हाला काही सांगायचं असेल तर तुम्हीही या."

मावशीनं उतरून मागचं दार उघडलं. तो मुलीला घट्ट धरून बाहेर आला. इतक्यात एक महिला शिपाई तरातरा आली. "ओ, इथे गाडी लावायची नाही. कुणाची आहे ही?"

त्याच्या चेहऱ्यावर ते हसू परत आलं. "माफ करा मॅडम. शिकाऊ आहे आमची. घेतो लगेच बाजूला."

पोहणारी चाकापासून चालत आली. ती शिपाईबाईला म्हणाली, "गाडी काढते मी. आधी यांना माझ्या मुलीचा हात सोडायला सांगा. तिला दुखतंय."

शिपाईबाईनं मुलीच्या मनगटाकडे पाहिलं. त्याची बोटं जिथे रुतली होती तिथलं कातडं पांढरं पडलं होतं. "साहेब, हात सोडा," ती म्हणाली. तो काहीतरी बोलायला लागला. "आधी सोडा," ती पुन्हा म्हणाली.

त्यानं सोडला. मुलगी आईकडे धावली नाही. ती गाडीखाली शिरायला लागली. पोहणारीनं वाकून तिला उचललं आणि दोघी मदतकक्षाच्या पायऱ्या चढल्या. मावशीला मात्र चढता येईना. ती खालच्या पायरीवर बसली आणि तिथून तिनं मला फोन केला. "सिस्टरला सांग इकडे ये. लवकर ये म्हणावं."

सिस्टर पोचली तेव्हा जबाब सुरू झाला होता. नवऱ्याचा भाऊ दोन माणसं घेऊन आला, आवारात येरझाऱ्या घातल्या, मावशीकडे बोट दाखवून काय काय बोलला. शिपाईबाई दारातून हलली नाही. संध्याकाळी पोहणारी आणि मुलगी कक्षाच्याच गाडीनं निवाऱ्याच्या घरी गेल्या. कुठे, ते आम्हालाही सांगितलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

त्यानंतरचे दिवस जीव टांगणीला लावणारे गेले. शाळेच्या पाटीवर कुणीतरी डांबर फासलं. मावशीविरुद्ध तक्रार झाली, माणसाला कोंडून पळवल्याची, आणि चौकशी होईपर्यंत तिचा शिकवायचा परवाना अडकवून ठेवला गेला. तिचा मुलगा आला आणि म्हणाला, "आई, पुरे आता. माझ्या बायकोला लोक रस्त्यात विचारतात." गटातल्याही काही जणी यायच्या थांबल्या. मावशी रोज सकाळी बूट घालून शाळेत येऊन बसायची, बंद गाडी पुसायची.

सिस्टर एक दिवस तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "मला खरं सांग. ब्रेक का नाही मारलास?"

"मारणार होते."

"पण नाही मारलास."

"नाही." मावशी फडक्याची घडी करत बसली. "तुझा नियमच होता ना, तिनं म्हटल्याशिवाय नाही. तिनं म्हटलं होतं. मग थांबवायला तरी मी कोण? पण खरं सांगू, पोरीला काही झालं असतं तर हे सगळं बोलायला मी तोंड वर केलं नसतं. बरोबर केलं की चूक, मला अजून कळत नाही."

सिस्टरनं ती घडी तिच्या हातातून घेतली. मग म्हणाली, "मलाही नाही कळत." दुसऱ्या दिवशी ती मावशीबरोबर चौकशीला गेली आणि दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून राहिली.

चौकशीत परीक्षकानं सांगितलं की बाई रीतसर पास झाली होती, गाडी तीच चालवत होती, शेजारी परवानाधारक बाई होती, यात बेकायदा काही नाही. सिग्नलवर शेजारी थांबलेल्या गाडीतला माणूसही शिपाईबाईनं चौकातल्या कॅमेऱ्यावरून शोधून काढला. त्यानं काचेतून ऐकलं होतं, 'तुम्ही उतरा' असं मावशी म्हणाल्याचं. तिचा तो आवाज कामी आला. परवाना परत मिळाला.

कोर्टात सासूलाही बोलावलं. घरात काय चालायचं ते तुम्ही ऐकलंय का, असं विचारलं. म्हातारी म्हणाली, "मला कमी ऐकू येतं." तिला चांगलं ऐकू येतं हे पोहणारीला माहीत होतं, मुलालाही माहीत होतं. सासूनं मुलासाठी खोटी साक्ष दिली नाही आणि सुनेसाठी खरीही दिली नाही. पोहणारी मात्र कितीतरी दिवस वकीलबाईंना विचारत राहिली, आईंना इस्पितळात कोण नेतं म्हणून. भाऊ नेतो, असं कळलं तेव्हा ती जरा निवांत झाली.

हुकूम झाला. मुलगी आईकडे राहिली. पोहणारीनं भाड्याची खोली घेतली, एका शाळेच्या तलावावर कामाला लागली. मुलगी पाण्यात पडली की बाहेर यायचं नाव घेत नाही, असं सांगताना ती हसते. खटला अजून चालू आहे. त्याचा शेवट कसा होईल ते वकीलबाईही सांगत नाहीत.

वडिलांना दर पंधरवड्याला मुलीला भेटू द्यायचं, तेही मदतकक्षाच्या खोलीत, कुणाच्या तरी देखत, असंही कोर्टानं ठरवलंय. पोहणारीला त्याच्यासमोर उभं राहावं लागू नये म्हणून मुलीला मावशी घेऊन जाते. तो वेळेवर येतो. इस्त्रीचा शर्ट, हातात खाऊचा पुडा. "बऱ्या आहात ना मावशी?" असं हसून विचारतो, आणि मावशी "बरी आहे" म्हणते. खोलीच्या मधोमध एक टेबल आहे. पहिल्या काही वेळा मुलगी आत शिरली की आधी त्या टेबलाकडे बघायची. मावशी भिंतीजवळच्या खुर्चीवर बसते, भेट संपेपर्यंत चष्मा पुसायलासुद्धा काढत नाही, आणि मुलीच्या मनगटावरची नजर हलू देत नाही.